सावली की साडेसाती?

साहेब लोकप्रिय असतील तर त्यांचा फोटो पोस्टरवर मोठ्ठा! आणि साहेब लोकांच्या मनातून उतरले असतील तर? फोटो गायब, नाव गायब, आणि साहेबांचा फोन आला की उमेदवार 'मीटिंगमध्ये'. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकांत मावळत्या अध्यक्षांबरोबरची ही लपाछपी दीडशेहून जास्त वर्षं रंगतेय. कोण सुटलं, कोण सापडलं? चला, पटापट बघूया.

माहीत आहे का, यातला सगळ्यात झकास फॉर्म्युला कोणाचा? जेम्स बुकॅनन यांचा! १८५६ साली अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स इतके नकोसे झाले होते की त्यांच्याच पक्षाने त्यांना दुसऱ्यांदा तिकीट दिलं नाही. नव्या प्रदेशांत गुलामगिरी चालणार की नाही, यावरून कॅन्सस पेटलेलं. पक्षातल्या बड्या बड्या नेत्यांच्या अंगावर शिंतोडे. आणि बुकॅनन? ते लंडनला, अमेरिकेचे राजदूत म्हणून! भांडण झालं तेव्हा घरातच नव्हते, मग बोट दाखवणार कुणाकडे? तिकीटही मिळालं, खुर्चीही. (त्या खुर्चीत बसून त्यांनी जे दिवे लावले, त्यामुळे इतिहासकार त्यांना आजही तळाच्या नंबरात टाकतात. असो, तो सिनेमा वेगळा.)

१८७६. अध्यक्ष ग्रँट यांच्या राजवटीत घोटाळ्यांचा नुसता सुकाळ. त्यांच्याच पक्षाचे रदरफर्ड हेज म्हणाले, मी सुधारणा करणार आणि एकाच टर्मनंतर घरी जाणार. निकाल? इलेक्टोरल मतं १८५ विरुद्ध १८४! तोही लोकांची मतं कमी पडलेली असताना, वादातल्या मतांचा फैसला आयोगाकडून झाल्यावर. विरोधकांनी लगेच बारसं केलं: 'रदरफ्रॉड'. म्हणजे सावलीतून सुटले आणि टोमण्यात अडकले!

आता एक अंतराचा प्रयोग. १९५२ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांची लोकप्रियता गॅलपच्या पाहणीत २२ टक्क्यांवर घसरली होती. त्यांच्या पक्षाचे उमेदवार अ‍ॅडले स्टीव्हनसन यांनी प्रचाराचं ऑफिस वॉशिंग्टनपासून लांब, इलिनॉयच्या स्प्रिंगफील्डमध्ये थाटलं. वर एका वर्तमानपत्राला लिहिलेल्या पत्रात 'वॉशिंग्टनमधला गोंधळ' हा विरोधकांचाच शब्दप्रयोग वापरून बसले. ट्रुमन यांचा पारा छताला! समोर आयझेनहॉवर, आणि त्यांच्या पक्षाचा प्रचार केमिस्ट्रीच्या फॉर्म्युल्यासारखा: के-वन सी-टू. म्हणजे कोरिया, कम्युनिझम, करप्शन. रिअ‍ॅक्शन जोरदार झाली: ४४२ विरुद्ध ८९.

मात्र खरा मसाला १९६८ मध्ये आहे, तिथे जरा थांबूया. व्हिएतनाम युद्धाने पुरते घेरलेल्या अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३१ मार्चला टीव्हीवरून जाहीर करून टाकलं, मी उभा राहत नाही. उमेदवारी आली उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांच्याकडे आणि त्यांची अशी काही गोची झाली की विचारू नका. युद्धाचं समर्थन करावं तर पोरं 'डम्प द हम्प'चे फलक नाचवणार. विरोध करावा तर साहेब खवळणार, आणि साहेब अजून व्हाइट हाउसमध्येच! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सप्टेंबरअखेर गॅलपचा आकडा: विरोधी उमेदवार निक्सन ४३, हम्फ्री २८. सिअ‍ॅटलच्या सभेत तर घोषणाबाजीने त्यांचा आवाजच बुडवला.

दोनच दिवसांनी, ३० सप्टेंबरला, हम्फ्री सॉल्ट लेक सिटीतून टीव्हीवर आले. आता नीट बघा हं. समोरच्या पोडियमवर काय नाही? उपाध्यक्षांचं मानचिन्ह! ते मुद्दाम काढलेलं. त्या अर्ध्या तासापुरते ते सरकारचे कोणी नव्हते, फक्त पक्षाचे उमेदवार. शांततेसाठी उत्तर व्हिएतनामवरचे बॉम्बहल्ले थांबवण्याची जोखीम मी घेईन, असं त्यांनी सांगितलं. एवढ्यानेच हवा फिरली. सभांमध्ये 'खरंच म्हणत असाल तर आम्ही तुमच्याबरोबर' असे फलक दिसू लागले. १५ टक्क्यांची दरी मतदानापर्यंत एक टक्क्याच्याही आत आली: निक्सन ४३.४, हम्फ्री ४२.७. हरले, पण कसे! मला विचाराल तर ते मानचिन्ह ऑगस्टमध्येच काढायला हवं होतं.

आणि आता योगायोगांचा बंपर सेल! कमला हॅरिस, २०२४. त्याही उपाध्यक्ष. त्यांचेही साहेब, जो बायडन, ऐन निवडणुकीच्या वर्षी मागे सरलेले. पक्षाचं अधिवेशन दोन्ही वेळा ऑगस्टमध्ये, शिकागोत. मतदान दोन्ही वेळा ५ नोव्हेंबरला! फरक एवढाच की हॅरिस यांचा 'सॉल्ट लेक' आलाच नाही. ८ ऑक्टोबरला 'द व्ह्यू' या टीव्ही शोमध्ये अगदी लोण्यासारखा मऊ प्रश्न आला: बायडन यांच्यापेक्षा तुम्ही वेगळं काय केलं असतं? उत्तर होतं, असं काही पटकन सुचत नाही. ट्रम्प यांच्या प्रचारकांना जाहिरातीसाठी क्लिप फुकटात मिळाली. निकाल ३१२ विरुद्ध २२६.

एक नाचरा किस्सा! ५ मार्च २००८. उमेदवार जॉन मॅकेन पाठिंबा घ्यायला व्हाइट हाउसला निघालेत, पोहोचायला उशीर झालाय. दारात ताटकळलेले अध्यक्ष जॉर्ज बुश काय करतात? कॅमेऱ्यांसमोर चक्क टॅप डान्स! पुढे त्यांची लोकप्रियता २५ टक्क्यांपर्यंत घसरली आणि मॅकेन यांना डिबेटमध्ये ओबामांना सांगावं लागलं, मी बुश नाही हो! स्वतःची ओळख 'मी अमुक नाही' अशी करून द्यायची पाळी आली की समजायचं, काम अवघड आहे.

उपाध्यक्षांचं तर नशीबच खडतर. पदावर असताना थेट निवडून आलेले उपाध्यक्ष १८३६ नंतर एकदम १९८८ मध्ये सापडतात: थोरले बुश. त्यांचे साहेब रेगन होते, लोकांचे लाडके. सगळ्यात बिनधास्त मात्र थॉमस जेफरसन. उपाध्यक्ष असताना १८०० साली ते थेट आपल्या अध्यक्षांविरुद्ध, जॉन अ‍ॅडम्स यांच्याविरुद्ध, उभे राहिले आणि जिंकलेही!

चला, पॅरिसला. माहीत आहे का, इमॅन्युएल मॅक्रॉन हे फ्रान्स्वा ओलांद यांचेच अर्थमंत्री होते? ओलांद इतके नावडते की त्यांनी दुसऱ्यांदा उभं राहायचंच टाळलं. मॅक्रॉन यांनी एप्रिल २०१६ मध्ये स्वतःची चळवळ काढली, ऑगस्टमध्ये मंत्रिपद सोडलं आणि २०१७ मध्ये ६६ टक्के मतं घेऊन ओलांद यांच्याच महालात मुक्कामाला आले. चळवळीचं नाव 'आँ मार्श', आद्याक्षरं तीच जी इमॅन्युएल मॅक्रॉनची! ओलांद यांच्या समाजवादी पक्षाचे बनुआ आमों हेही बंडखोर माजी मंत्रीच, पण पाटी जुनीच ठेवली. मतं मिळाली ६.३६ टक्के. बंड केलं तर बोर्डही बदलायचा असतो, मालक!

ब्राझीलचं ऐका. २०१८ मध्ये अध्यक्ष टेमेर यांची लोकप्रियता एक आकडी, आणि त्यांचे माजी अर्थमंत्री मेइरेलेस स्वतःच्या खिशातून बक्कळ पैसा ओतून मैदानात. मतं? १.२ टक्के. पैसा गेला, सावली राहिली.

बोर्ड बदलण्यात दक्षिण कोरियाचा हात कोणी धरणार नाही. २०१२ मध्ये अध्यक्ष ली म्युंग-बाक यांच्याबद्दल लोकांत नाराजी होती. त्यांच्याच पक्षाच्या पार्क ग्युन-हे यांनी पक्षाचं नाव बदलून 'सेनुरी' केलं आणि निळा रंग जाऊन लाल आणला. पार्टी तीच, पॅकिंग नवं! डिसेंबरात ५१.६ टक्के मतं घेऊन त्या जिंकल्या. पुढे पार्क स्वतःच महाभियोगात सापडल्या, तेव्हा २०१७ मध्ये पक्षाने पुन्हा नाव बदललं. २०२० मध्ये तर एकाच वर्षात दोनदा! तिथल्या पाट्या रंगवणाऱ्याची मात्र चंगळ असणार.