सही करण्याआधी आकडा विचारा

गेल्या वर्षीची आखाजी. आपल्या खान्देशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींची दिवाळीच! जळगावहून एरंडोल, पारोळा करत एसटीनं मी धुळ्याला माहेरी पोचले. शिरपूरहून ताई आली होती, पुण्याहून दादा-वहिनी. पुरणपोळी-आमरसाचं जेवण झालं, ताटं उचलली आणि दादानं एक फाइल पुढ्यात ठेवली.

‘‘घराला गिऱ्हाईक आलंय. तुम्ही दोघी हक्कसोडपत्रावर सह्या करून द्या, म्हणजे व्यवहाराला अडचण नको. आईला मी पुण्याला घेऊन जातो.’’

ताईनं पेन हातात घेतलंसुद्धा. आणि मी? बचत गटाच्या बैठकीत ‘वाचल्याशिवाय सही करू नका गं’ म्हणून बायकांच्या मागे लागणारी मी, सख्ख्या भावासमोर गप्प बसले. हिस्सा मागितला की माहेर तुटतं, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. दादा वाईट नाही. नानांच्या आजारपणात त्यानंच सगळं केलं. मग कुठल्या तोंडानं विचारायचं?

तरी विचारलं, ‘‘दादा, कितीला ठरतंय?’’ त्यानं दलालाचा आकडा सांगितला. म्हणाला, ‘‘फक्त प्लॉटचे पैसे येतील. बांधकाम जुनं, त्याचं काय मिळणार? उलट पाडायचा खर्च आहे.’’

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, ‘‘माले कोणी इचारं का?’’

सगळे एकदम चूप झाले.

आमचं घर देवपुरातलं. पांझरेच्या पलीकडची जुनी कॉलनी. नाना शाळामास्तर. १९८८ मध्ये त्यांनी दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे ओटा असं घर बांधलं. पुढे मागच्या बाजूला दोन खोल्या वाढवल्या. स्लॅबच्या वेळी पैसे कमी पडले तेव्हा आईच्या पाटल्या गेल्या. त्याचा कुठल्याच कागदावर उल्लेख नाही. खरेदीखतावर नाव एकट्या नानांचं.

मी दादाला म्हटलं, महिनाभर थांब. घर विकायचं की नाही हे नंतर बघू, आधी त्याची किंमत तरी नीट कळू दे. तो महिना मला खूप काही शिकवून गेला. मैत्रिणींनो, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

पहिली गोष्ट, जागा किती हे कागदावर बघायचं. दलालानं ‘अठराशे फूट’ धरले होते. खरेदीखतात प्लॉट होता १८० चौरस मीटरचा. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणजे आमची जागा १,९३७ चौरस फूट भरली. एका खोलीएवढी जागा नुसती बोलण्या-बोलण्यात गायब झाली होती!

दुसरी गोष्ट, सरकारी भाव. मुद्रांक शुल्कासाठी सरकार दरवर्षी १ एप्रिलला प्रत्येक भागाचे दर जाहीर करतं, त्यालाच आपण रेडी रेकनर म्हणतो. २०२२ नंतर दोन वर्षं हे दर तसेच होते, २०२५ च्या एप्रिलपासून पुन्हा वाढले. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही फुकट बघता येतात. माझ्या भाच्यानं मोबाइलवर पाच मिनिटांत काढून दिले. पण हा बाजारभाव नव्हे बरं का. मुद्रांक शुल्क आकारण्यासाठीचा तो पाया. बाजारात त्याहून जास्त मिळू शकतं, कधी कमीही मिळतं.

तिसरी गोष्ट म्हणजे बांधकाम. जुनं घर म्हणजे शून्य, हे खरं नाही. तेवढंच घर आज बांधायला किती लागेल ते धरायचं आणि वयाप्रमाणे घट वजा करायची, असा सरळ हिशोब असतो. कॉलम-बीमचं घर जास्त टिकतं, नुसत्या विटांच्या भिंतींवर स्लॅब टाकलेलं कमी. आणि आपल्याकडची काळी माती तर तुम्हाला माहीतच आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, की भिंतींना तडे. आमच्या मागच्या खोल्यांना असाच तिरपा तडा होता. पुढचा भाग मात्र मुरमापर्यंत पाया खणून बांधलेला, अजून ठणठणीत. एकाच घरात दोन किमती!

चौथी गोष्ट परिसराची, आणि यात आपण बायका कुणाला हार जाणार नाही. रस्ता किती रुंद, नळाला पाणी किती दिवसाआड येतं, बोअरला उन्हाळ्यात पाणी राहतं का, पावसाळ्यात दारात किती साचतं, दवाखाना-शाळा किती लांब. जळगावला महाबळ, रिंग रोड आणि पिंप्राळा ही एकाच गावातली नावं, पण बंगल्याचा भाव गल्लीगणिक बदलतो. धुळ्याला देवपूर आणि साक्री रोडचं तसंच. मी कॉलनीतल्या ओळखीच्या तीन घरी चहाला गेले आणि वर्षभरात कुठलं घर कितीला गेलं ते विचारून आले. अशा व्यवहारांची नोंद ‘सूची क्रमांक दोन’मध्ये असते, तीही बघितली. कागदावरचा भाव आणि तोंडचा भाव यात तफावत असते, हेही तेव्हाच कळलं. वरची रक्कम रोख देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. त्या पैशाचा आपल्याजवळ काहीच पुरावा उरत नाही.

चहा पिता पिताच खरी बातमी लागली. गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्याच प्लॉटचा नवा मालक. त्याला दोन्ही प्लॉट जोडून इमारत बांधायची होती. म्हणजे आमची जागा इतर कुणाहीपेक्षा त्याला जास्त मोलाची. आणि दलाल मात्र आम्हाला सांगत होता, ‘जुनं घर, कोण घेणार?’

शेवटी आम्ही नोंदणीकृत मूल्यांकक बोलावला. त्यांनी फी घेतली, पण टेपनं सगळं मोजून, फोटो काढून लेखी अहवाल दिला. दलालाच्या आणि त्यांच्या आकड्यात सात लाखांचा फरक निघाला. दादा बराच वेळ कागदाकडे बघत बसला. म्हणाला, ‘‘मलाही फसवत होते की!’’ या अहवालाचा आणखी एक उपयोग असतो. १ एप्रिल २००१ च्या आधीचं घर विकलं, तर त्या दिवशीची किंमत धरून भांडवली नफा काढता येतो. म्हणजे कराच्या हिशोबालाही मूल्यांकन लागतंच.

आता हक्काचं. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर बायको, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातच आहे. राहत्या घराची वाटणी मुलींना मागता येत नव्हती, ती अट २००५ च्या दुरुस्तीनं गेली. म्हणजे आमच्या घरात चौघांचा चार-चार आणे वाटा. आईच्या सहीशिवाय तिचा वाटा कुणीच विकू शकत नव्हतं, आणि हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं! हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं, की नंतर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून चालत नाही.

हिस्सा सोडू नका असं मी म्हणत नाही. भावाच्या प्रेमापोटी सोडावासा वाटला तर खुशाल सोडा. पण किती सोडतोय ते माहीत असू द्या. आकडा न कळता सोडलं ते दान कसलं? आणि घेतलात, तर त्या पैशात स्वतःच्या नावानं घर बघा. फक्त बाईच्या नावे घर घेतलं, तर १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ते पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही अटही २०२३ मध्ये निघाली.

आमच्या घराचं काय झालं? आम्ही तिघांनी हक्कसोडपत्र केलं, पण आईच्या नावे. मागचा तडा बुजवला आणि त्या खोल्यांत कॉलेजच्या दोन मुली भाड्यानं ठेवल्या. आईला सोबत झाली, महिन्याला चार पैसेही येतात. आज ना उद्या घर विकावं लागेल, हे तिलाही कळतं. तिच्या गुडघ्यांना आता ओट्याच्या तीन पायऱ्याही जड जातात. दादाला काळजी वाटते ती खोटी नाही.

पण परवा फोनवर तिनं विचारलं, ‘‘औंदा रेडी रेकनर कितला वाढना व?’’ चौथी शिकलेली माझी आई! मी हसले आणि तिला दर सांगितला. तिनं तो कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला.