वेग म्हणजे घाई नव्हे

कोलकात्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रांगणात मुलींचा बास्केटबॉल पाहणाऱ्या जाणत्या प्रेक्षकाचाही बहुधा असा ग्रह असतो की, द्रुतगती खेळ म्हणजे अधिक धावणे, आणि म्हणूनच तो मुलींना न झेपणारा. वस्तुतः वेग (एका सामन्यात चेंडूचा ताबा किती वेळा मिळतो, ती संख्या) ही पायांपेक्षा मुदतीची बाब आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ताबा मिळाल्यापासून २४ सेकंदांत टोपलीकडे फेक झालीच पाहिजे. त्यांतले किती खर्चावयाचे, एवढाच सवाल.

सियालदहची गॅलपिंग लोकल, म्हणजे आपली मुंबईची फास्ट, त्याच रुळांवरून धावते. मधली स्थानके गाळते, म्हणून लवकर पोहोचते. येथेही टोपलीतून पडलेला चेंडू जमिनीला टेकण्यापूर्वीच झेलून रेषेबाहेरून आत देणे, आणि तोवर दोघींनी कडेच्या रेषा धरून पुढे सुटणे, ही गाळलेली स्थानकेच होत.

या द्रुतगती सूत्राचे प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांच्या लॉयोला मेरीमाउंट या अमेरिकी विद्यापीठाच्या पुरुष संघाने १९८९-९० मध्ये सामन्यामागे सरासरी १२२ गुण केले; तेच सूत्र त्यांनी २००९ पासून ऑरेगन विद्यापीठाच्या मुलींना दिले. तेथे यश टिकले नाही, हेही सांगितलेच पाहिजे. परंतु २००७ मध्ये फीनिक्स मर्क्युरी या महिला संघाला त्यांनीच अजिंक्यपद मिळवून दिले होते, तेव्हा दोष स्त्रीत्वाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

बंगालच्या दमट हवेत, जेथे घामाने चेंडू तळहातावरून निसटतो, तेथे एका लांब पासऐवजी दोन आखूड पास द्यावेत, आणि राखीव खेळाडूंची पाळी दमछाक होण्यापूर्वीच लावावी.