ठाणे बावन्न, मुंब्रा पंचवीस

कल्याणकडे जाणारी धीमी लोकल ठाण्याहून निघाली की पुढचं स्टेशन कळवा, त्यानंतर मुंब्रा. अक्षरांना अंक देणाऱ्या कटपयादी पद्धतीने या नावांचे आकडे काढले तर ठाण्याचे येतात ५२ आणि मुंब्र्याचे २५. एक आकडा दुसऱ्याचा उलटा. मधल्या कळव्याचे येतात ४९१. कळव्याला लागून असलेल्या विटाव्याचे ४१४, कुठूनही वाचा. जिओकॅशचं कोडं रचणाऱ्याला असं काही सापडलं की पुढचे कित्येक दिवस त्याच्या डोक्यात दुसरं काही राहत नाही.

जिओकॅशिंग हा डब्या लपवण्या-शोधण्याचा खेळ जीपीएसवर उभा आहे. २००० सालापर्यंत अमेरिकी सरकार सामान्य लोकांसाठीच्या जीपीएस संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसे. २ मे २००० रोजी ही भेसळ थांबली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली. आत वही, पेन्सिल आणि काही वस्तू होत्या. अक्षांश-रेखांश त्यांनी जाहीर केले आणि काही दिवसांतच लोकांनी ती बादली शोधून काढली. तेव्हापासून जगभर लोक डब्या लपवतात, शोधतात, आतल्या कागदावर नाव लिहितात आणि डबी होती तिथे ठेवून देतात.

प्रत्येक डबीला दोन गुणांक असतात, एक शोधण्याच्या अवघडपणाचा आणि एक वाटेच्या खडतरपणाचा. दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्या पायरीने. सर्वांत रंगतदार प्रकार म्हणजे गूढ जिओकॅश. तिथे जाहीर केलेली जागा खोटी असते आणि खरी जागा कोडं सोडवूनच मिळते. ती साधारण तीन किलोमीटरच्या आत असावी, असा संकेत आहे.

कळव्यात हा खेळ रचायला बसलं की पहिल्यांदा काय करायचं नाही याचीच यादी लांबते. रूळ आणि पूल यांच्या आसपास काही ठेवायचं नाही. खाडीकाठच्या कांदळवनात शिरायचं नाही. ते कायद्याने संरक्षित आहे आणि तिथल्या चिखलाला दया नाही. रुग्णालय आणि शाळा वर्ज्य. शिवाय मुंबईच्या लोकलने ११ जुलै २००६ चे स्फोट पाहिले आहेत. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना इथे रोज कानावर पडते. भिंतीच्या फटीत कोंबलेली अनोळखी डबी इथे लोकांना घाबरवेल, पोलिसांना धावायला लावेल. म्हणून कळव्यात अवघडपणा लपवण्यात ठेवता येत नाही, तो वाचण्यात ठेवावा लागतो. डबी पारदर्शक हवी, तिच्यावर मराठीत ‘हा शोधाचा खेळ आहे’ अशी चिठ्ठी हवी आणि ती ठेवायला जागेच्या मालकाची परवानगी हवी. सोसायटीची बाग, ओळखीच्या दुकानाची पायरी, वाचनालयाचं एखादं कपाट अशा जागा चालतात. वाट सोपी ठेवायची आणि कोडं कठीण.

परवानगी मिळाली की मोजणी. या खेळात जागा लिहितात अंश आणि मिनिटांत, मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत. अक्षांशाचा असा एक भाग म्हणजे सुमारे १.८५ मीटर. मोकळ्या आकाशाखाली फोन पाचेक मीटरपर्यंत बरोबर असतो. पण दोन इमारतींमधल्या बोळात उपग्रहाचा संदेश भिंतींवरून उसळून येतो आणि आकडा भरकटतो. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी अर्धं आकाश झाकलेलं असतं. म्हणून एकाच ठिकाणी सकाळी, दुपारी, पुन्हा दुसऱ्या दिवशी उभं राहून नोंदी घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. कळव्याची आणखी एक गंमत या चालण्यातच कळते. नाक्यापाशी रेखांश ७२ अंश ५९ मिनिटं असतो. पारसिकच्या डोंगराच्या दिशेने चालत राहिलं की तो ७३ अंश ०० मिनिटं होतो. गावावरूनच ७३ अंशांचं रेखावृत्त गेलं आहे. नेहमीच्या सवयीने ७२ धरून पुढे शून्य मिनिटं लावणारा शंभरहून जास्त किलोमीटर पश्चिमेला, थेट अरबी समुद्रात पोचतो.

आता कोडं, म्हणजे शब्दांत आकडे लपवणं. भास्कराचार्यांनी आपलं जन्मवर्ष शके १०३६ शब्दांत गुंफून ठेवलं: सहा रस, तीन गुण, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे एक, आणि हे उलट्या क्रमाने वाचायचं. कटपयादी ही त्याच घराण्यातली दुसरी रीत. केरळच्या ज्योतिर्विदांनी ती खूप वापरली आणि कर्नाटक संगीतात मेळकर्ता रागांचे क्रमांक आजही तिने ओळखतात. क ते झ म्हणजे १ ते ९. ट ते ध पुन्हा १ ते ९. प ते म १ ते ५. य ते ह १ ते ८ आणि ळ म्हणजे ९. ञ आणि न शून्य. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं, अनुस्वार सोडायचा आणि आलेले आकडे उलट वाचायचे. ठाणे: ठ २, ण ५, म्हणून ५२. मुंब्रा: म ५, र २, म्हणून २५. कळवा: १, ९, ४, म्हणून ४९१.

सोडवणाऱ्याला हे सगळं सांगायचं नसतं, पण पोचण्याची वाट मात्र ठेवायची असते. मी चार ओळींचं कोडं लिहिते आणि ओळींची पहिली अक्षरं क, ट, प, य ठेवते. ज्याला ती उभी वाचायची सुचली, त्याच्या हातात किल्ली आली.

डोंबिवलीचा एक मित्र असली कोडी सोडवतो तेव्हा त्याच्या शेजारी बसून बघण्यासारखं असतं. तो आधी उत्तराचा आकार मांडतो. अक्षांश १९ अंशांनीच सुरू होणार, तेव्हा १९ कुठे दडलाय ते शोधतो. मग प्रत्येक शब्दाला विचारतो, तू इथे का आलास? कोड्यात विनाकारण आलेला शब्द त्याला टोचतो आणि बहुतेक वेळा दार तिथेच असतं.

खरी कसोटी पडताळ्याची. आपलं उत्तर बरोबर आहे का, हे घराबाहेर पडण्याआधी सोडवणाऱ्याला कळलं पाहिजे. बरेच जण त्यासाठी अंकांची बेरीज देतात. कटपयादीत ती कुचकामी आहे. ४९१ आणि उलटवायचं विसरल्यावर येणारे १९४, दोन्हींची बेरीज १४. ठाणे आणि मुंब्रा तर आपापसात जागा बदलतात आणि दोन्ही आकड्यांची बेरीज ७७ची ७७च राहते. नऊने किंवा अकराने भागूनही ४९१ आणि १९४ वेगळे पडत नाहीत. सातने भागलं की पडतात: ४९१ची बाकी १, १९४ची ५. म्हणून सातची बाकी द्यावी.

हा गणिती हट्ट नाही. मिनिटाच्या हजाराव्या भागांत ४९१ आणि १९४ यांच्यात २९७चा फरक आहे, म्हणजे जमिनीवर साधारण साडेपाचशे मीटर. कळव्यात साडेपाचशे मीटर चुकलेला माणूस रुळांवर जाऊ शकतो किंवा खाडीच्या चिखलात. म्हणून रचणाऱ्याने बरोबर उत्तराइतकीच चुकीची उत्तरंही नकाशावर मांडून बघावीत. सहज सुचणारी एखादी चूक धोक्याच्या जागी नेत असेल, तर कोडं कितीही सुंदर असो, ते फाडून टाकावं. माझ्या मते या छंदातली सगळी नीती एवढ्यात आली.

उरते डबी. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि खाडीची खारी हवा. लोखंड गंजतं, लोहचुंबकही गंजतो. प्लॅस्टिकच्या बाटल्या जिच्यातून फुगवतात ती जाड नळी फिरकीच्या झाकणासह उत्तम टिकते. आत कागदाची पट्टी, ओल शोषणारी पुडी आणि शिसपेन्सिल ठेवावी, कारण बॉलपेनची शाई ओल्या कागदावर उमटत नाही. जून लागण्याआधी आणि गणपतीनंतर डबी उघडून बघावी.

तुमच्या गावात, तुमच्या आळीत असं कोडं रचायचं मनात आलं, तर आधी तिथे पुष्कळ चाला, स्थानिक नावांचे आकडे काढून बघा आणि जागामालकाला विचारा. मग काहीच माहीत नसलेल्या एखाद्याला ते सोडवायला द्या आणि तो कुठे अडतो ते मधे न बोलता पाहा. तो अडला तरी चालेल. चुकीच्या जागी जाता कामा नये. आणि देखभाल करणं जमेनासं झालं, तर डबी स्वतःच्या हाताने उचलून घरी आणा.