डब्यातली चिठ्ठी

आमचा धाकटा दुसरीत. अभ्यासाला बसला की कधी पाणी, कधी पेन्सिल, कधी शू. "दोन धपाटे घाल, म्हणजे बसेल," हे यांचं मत. माझा भरवसा वहीत चिकटवायच्या स्टारवर. सासूबाई म्हणायच्या, "मी नुसती शेजारी बसते, तू आत जा." रोज वाद! एकदा चिडून मीच त्याला मारलं. रात्री झोपेतही तो हुंदके देत होता. माझीच मला लाज वाटली.

शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "भांडता कशाला? मोजा की! शंभर मुलांचं काय ते राहू द्या, तुम्हाला याचं उत्तर हवंय ना? मग याची तुलना याच्याशीच करा." बार्लो आणि हेज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हीच पद्धत मांडली होती. एकाच व्यक्तीवर दोन उपाय आलटून पालटून करायचे आणि नोंद ठेवायची. "मारणं मात्र चिठ्ठीत घालायचं नाही," हेही बाईंनी बजावलं.

पहिले ५ दिवस काहीच बदललं नाही. अर्ध्या तासात तो किती वेळा उठतो, एवढंच लिहिलं: ९, ११, १०, ८, १०. मग डब्यात १० चिठ्ठ्या टाकल्या, ५ 'स्टार'च्या, ५ 'आजी'च्या. रोज एक काढायची. आपण निवडलं तर त्याचा मूड बघून आपल्या सोयीचा दिवस निवडतो ना! वेळ तीच, मोजणारी मीच. सासूबाई शेजारी बसून तांदूळ निवडायच्या, बोलायच्या नाहीत.

स्टारच्या दिवशी तो ६ ते ८ वेळा उठला, आजीच्या दिवशी २ ते ४ वेळा. आलेखाच्या कागदावर दोन रेघा काढल्या, त्या एकमेकींना कुठे शिवल्याच नाहीत. पुढचा आठवडाभर रोज आजीच बसल्या, तरी आकडा ३ च्या वर गेला नाही.

मैत्रिणींनो, हे उत्तर आमच्या मुलापुरतं. तुमच्याकडे कदाचित स्टारच जिंकतील. पण आधी मोजा, मग बोला.

सासूबाईंनी चष्मा लावून कागद पाहिला. "माझी रेघ कुठली गं?"

"खालची, आई."

"म्हणजे मी हरले?"

"नाही हो, त्याचं उठणं कमी झालं, म्हणून ती खाली!"

यांनी काही न बोलता तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवला.