तापीकाठचे फारुकी

बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगराळ मुलखात, धूलकोट नावाचे गाव आहे. धूळकोट म्हणजे मातीचा कोट, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. या गावाच्या नावावरून बोलणे निघाले आणि आम्हांस त्याच जिल्ह्यातील दुसरा, खडकावरचा कोट आठवला. तो म्हणजे असीरगड. त्या गडाच्या बळावर सव्वादोनशे वर्षे नांदलेल्या राजघराण्याचे नावदेखील आज आपल्या घरांतून क्वचितच ऐकू येते. आमच्या मुलांस मिसर देशाच्या रामसेस राजाची माहिती असते. परंतु ज्यांनी बुऱ्हाणपूर वसविले ते फारुकी कोण, हे विचारले असता ती आपल्या तोंडाकडे पाहतात. दोष मुलांचा नव्हे.

या घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा. दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक शिकारीत वाट चुकून भुकेला झाला असता या तरुण शिपायाने त्यास आपल्याजवळचे अन्न दिले, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. कथा खरी असो वा रचलेली, १३७० मध्ये थाळनेर व करवंदचा मुलूख त्यास मिळाला हे खरे. पुढे दिल्लीची सत्ता ढिली पडताच १३८२ च्या सुमारास तो स्वतंत्रपणे कारभार पाहू लागला. खलिफा उमर फारुक यांचे आपण वंशज, असे हे घराणे म्हणवीत असे. त्यावरूनच फारुकी हे नाव पडले. आरंभीच्या राजांच्या कबरी आजही धुळे जिल्ह्यातील थाळनेरास आहेत.

मलिक राजाचा पुत्र नासिरखान १३९९ मध्ये गादीवर आला. त्या वेळी असीरगड आसा अहीर नावाच्या धनाढ्य गवळ्याकडे होता. शत्रूचे भय आहे, माझ्या बायकामुलांस गडावर आसरा द्यावा, असे नासिरखानाने त्यास कळविले. पहिल्या डोल्यांतून खरोखरच स्त्रिया आल्या. मागाहून आलेल्या डोल्यांतून मात्र हत्यारबंद शिपाई उतरले, आणि स्वागतास आलेला आसा आपल्या मुलांसह मारला गेला. ही हकीकतही फिरिश्त्याचीच. त्यानंतर तापीच्या काठी नवे नगर वसले. खुलताबादेस ज्यांचा दर्गा आहे त्या शेख बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव त्यास देण्यात आले. पैलतीरावरील वस्ती जैनाबाद झाली.

मुलूख लहान, शेजारी मात्र दांडगे. उत्तरेस माळवा, पश्चिमेस गुजरात, दक्षिणेस बहामनी व मागाहून अहमदनगर. तेव्हा प्रसंग पाहून वाकावे, सोयरीक करावी, खंडणी द्यावी आणि फारच बिकट वेळ आली तर गड गाठावा, ही या घराण्याची रीत होती. दुसरा आदिलखान (१४५७–१५०१) याने गोंडांवर चढाई करून राज्य वाढविले. मिरान मुहंमदास तर १५३७ मध्ये मामाच्या पश्चात गुजरातचे तख्तच चालून आले. पण तिकडे जाताना वाटेतच त्याचा अंत झाला. मधल्या पिढ्यांतील भाऊबंदकीचा पाढा येथे वाचीत नाही. राजपुत्रांस गडावर नजरकैदेत ठेवण्याची चाल होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आमच्या मते या घराण्याचा खरा मोठा पुरुष राजा अलीखान (१५७६–१५९७). बुऱ्हाणपूरची जामा मशीद त्यानेच बांधविली. तिच्या भिंतीवर अरबी लेखासोबत एक संस्कृत लेख आहे; त्यात फारुकींची वंशावळ असून शके १५११ ही मिती घातली आहे. मशिदीत शके पाहून आमच्यासोबतचे एक वृद्ध गृहस्थ बराच वेळ तेथून हलले नाहीत.

याच राजाने काळ ओळखून अकबराचे वर्चस्व मान्य केले. १५९७ मध्ये गोदावरीकाठी, सोनपेठनजीक, दक्षिणी फौजांशी मोगलांच्या बाजूने लढताना तो पडला. परंतु रणाच्या गोंधळात तो शत्रूस मिळाला असा संशय घेऊन मोगल शिपायांनी त्याचीच छावणी लुटली! दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत सापडले, तेव्हा सर्वांस खरे ते कळले.

बापाच्या निष्ठेचे हे फळ पाहिलेला बहादूरखान गादीवर बसला. मोगलांविषयी त्याचे मन विटले असल्यास नवल नाही. परंतु उघड लढावे की नमावे हे त्यास ठरविता आले नाही, आणि अकबर चालून येताच तो असीरगडावर जाऊन बसला. १६०० च्या वसंतात बादशहा विनासायास बुऱ्हाणपुरात शिरला. गड मात्र महिनोन् महिने हटेना. अखेर बहादूर खाली उतरला व परत जाऊ शकला नाही. गडावर रोगराई झाली, असे बादशाही बखरकार लिहितात. वचनभंग व लाचलुचपत यांनी काम साधले, असे तेव्हाच्या जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांवरून दिसते. इतिहासकारांत हा वाद अजून मिटलेला नाही. डोल्यांची गोष्ट ध्यानात असल्यामुळे आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे झुकतो, हे कबूल करतो. जानेवारी १६०१ मध्ये गड मोगलांच्या हाती आला आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली.

राजा अलीखानाच्या त्याच मशिदीत अकबराने आपल्या विजयाचा फारसी लेख कोरविला. शहाजादा दानियाल याच्या नावावरून खानदेशाचे दानदेश असे नामांतरही केले. दानियाल चारपाच वर्षांतच बुऱ्हाणपुरी मद्यपानाने मेला. दानदेश हे नाव कोणाच्या तोंडी बसले नाही.