ख्रिस्तपुराणाचे दोन पाठ आणि फादर स्टीफन्स यांची नम्रता

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणांतील मराठी भाषेची स्तुति सर्वांस ठाऊक आहे. त्या मानानें त्यांच्या गद्य प्रस्तावनेकडे वाचकांचें लक्ष फार थोडें जातें. ख्रिस्ती सेवावृत्तींत धाडस व नम्रता एकत्र कशीं नांदतात हें पाहावयाचें असेल, तर तीच प्रस्तावना वाचावी.

स्टीफन्स मूळचे इंग्लंडांतील विल्टशायर परगण्याचे. १५७५ त रोम येथें ते जेज्विट संघांत दाखल झाले व ता. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास पोहोंचले. पुढील आयुष्य, १६१९ त मृत्यु येईपर्यंत, बहुतांशीं साष्टींत गेलें. काळ मोठा कठीण होता. साष्टींतील देवालयें पोर्तुगीज सत्तेनें पाडलीं होतीं. जुलै १५८३ त कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनीं फादर रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे सोबती यांस ठार मारिलें; त्या गांवच्या प्रमुखांस पुढें बोलणीं करण्याच्या मिषानें बोलावून पोर्तुगिजांनीं मारिलें. मृत पाद्र्यांचीं प्रेतें मिळवून आणण्याच्या कामीं स्टीफन्स होते. शस्त्रांच्या आश्रयानें चालणाऱ्या धर्मप्रसारास आम्ही धैर्य म्हणत नाहीं. स्टीफन्स यांचें खरें धाडस निराळ्या ठिकाणीं आहे.

देशी पोथ्या नष्ट करणाऱ्या राज्यांत या परदेशस्थानें पुराणाचेंच रूप उचलिलें. जुनीं पुराणें गेल्यावर आम्हीं काय वाचावें, अशा आशयाचा प्रश्न एक ब्राह्मण करितो व त्यावर ग्रंथाचा ओघ सुरू होतो. सुमारें ११,००० ओंव्यांचा हा ग्रंथ १६१६ त राचोल येथें रोमन लिपींत छापला गेला.

आतां प्रस्तावना. देवाच्या गोष्टी सांगण्यास मराठी योग्य वाटली, परंतु शुद्ध मराठी सामान्य लोकांस कळत नाहीं. म्हणून मागील कवींचीं अवघड उत्तरें टाकून ब्राह्मणी भाषेंतील सोपीं उत्तरें ठिकठिकाणीं मिसळलीं, असें ते सांगतात. येथें ब्राह्मणी भाषा म्हणजे कोंकणी. परक्या भाषेंत एवढें प्रावीण्य मिळविलेल्या मनुष्यास तें मिरविण्याचा मोह होणें स्वाभाविक होतें. तो त्यांनीं आवरिला. काव्याची झळाळी कमी झाली तरी चालेल, ऐकणाऱ्यास कळलें पाहिजे, हा त्यांचा हिशेब.

या प्रस्तावनेचा उपयोग पाठनिर्णयासहि होतो. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकहि छापील प्रत आज ज्ञात नाहीं. १६८४ त गोव्याच्या व्हाइसरॉयानें देशी भाषेविरुद्ध हुकूम काढिला; ग्रंथ मग हस्तलिखितांतच टिकला. १९०७ त जोसेफ साल्ढाणा यांनीं मंगळूर येथें रोमन प्रतींवरून तो छापिला. पुढें लंडनमधील मार्सडन संग्रहांतील देवनागरी प्रतीकडे डॉ. जस्टिन ॲबट यांनीं अभ्यासकांचें लक्ष वेधिलें. रोमन पाठांत जेथें पोर्तुगीज धर्मसंज्ञा आहेत, तेथें देवनागरी पाठांत पुष्कळदां संस्कृत शब्द आढळतात. यांतील मूळ कोणता?

संस्कृत शब्द मराठी वाचकास गोड लागतात, म्हणून देवनागरी पाठ मूळ मानण्याकडे ओढा होतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. साष्टींतील कुणब्याच्या कानांवर दर रविवारीं पडणारा शब्द, मग तो पोर्तुगीज कां असेना, त्यास सोपाच होता. अवघड उत्तरें टाकणारा लेखक तोच योजील. मात्र पाद्र्यांच्या धाकानें रोमन प्रतींत मागाहून फेरबदल झाला, असाहि पक्ष मांडतां येईल. नवीन प्रत हातीं येईपर्यंत निर्णय अपुराच राहणार.

म्हणून उत्तर कोंकणांतील संग्राहकांस एक विनंति. वसईपासून डहाणूपर्यंतचा किनारा १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता. वसई, तारापूर, डहाणू, तलासरीकडील घरांत वा चर्चच्या दप्तरांत ओंवीबद्ध ख्रिस्ती पोथीचीं सुटीं पानें असल्यास, लिपि कोणतीहि असो, टाकूं नयेत. प्रथम संस्कारांचीं नांवें पाहावीं, तीं पोर्तुगीज आहेत कीं संस्कृत. मग कागद, शाई व पानांचे आंकडे टिपून ठेवावे.