जोधपूर ते उदयपूर : गोडवाडच्या वाटेने

जोधपूर आणि उदयपूर ही राजस्थानातील दोन राजघराण्यांची नगरे. राव जोधांनी १४५९ साली मेहरानगडाचा पाया घातला आणि मारवाडला नवी राजधानी दिली. त्यानंतर सुमारे शतकभराने महाराणा उदयसिंहांनी अरवलीच्या कुशीत, पिछोला सरोवराच्या काठी मेवाडची राजधानी वसवली. दोन्ही नगरांमधील अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. रस्ता उत्तम असल्याने खासगी मोटारीने पाच-सहा तासांत ते सहज ओलांडता येते.

महाराष्ट्रातून जाणारी बहुतेक कुटुंबे हा प्रवास एका दिवसात उरकतात. सकाळी जोधपुरातून निघायचे, वाटेत राणकपूरला तासभर थांबून दर्शन घ्यायचे आणि सायंकाळी पिछोल्याच्या नौकाविहारासाठी उदयपुरात पोहोचायचे, असा साधारण बेत असतो. वेळेच्या हिशेबात तो चोख वाटतो. मात्र या बेतात राहून जाते ते नेमके गोडवाड. सादडी, बाली, घाणेराव, राणी, फालना या गावांचा हा टापू अठराव्या शतकापर्यंत मेवाडच्या ताब्यात होता, नंतर तो मारवाडकडे गेला. मुंबई-पुण्यापासून बंगळुरू-चेन्नईपर्यंत पसरलेल्या असंख्य जैन व्यापारी घराण्यांचे मूळ याच भूमीत आहे. रेल्वे फालन्याला सोडते, बस हमरस्त्यावर सोडते. आतल्या गावांच्या वाटेला वळण्याची मुभा फक्त स्वतःच्या ताब्यातील मोटार देते. ही मुभा वापरायची असेल तर हा प्रवास दोन दिवसांचा करावा आणि मधला मुक्काम राणकपूरला ठेवावा.

आधी हिशेब

एक दिवस वाढला म्हणजे खर्च दुप्पट झाला, असा समज असतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. जोधपूरची मोटार उदयपुरास सोडली तरी तिच्या परतीचे अंतर सामान्यतः प्रवाशाच्याच भाड्यात धरले जाते. म्हणजे थेट प्रवासातही सुमारे ५०० किलोमीटरचे भाडे पडतेच. आडवाटेची तीर्थे, कुंभलगड आणि हळदीघाट धरून जाण्याचे अंतर साधारण ३३० ते ३५० किलोमीटर होते. परतीचे २५० मिळवले की एकूण सहाशेच्या आसपास. वाढते ते शंभरभर किलोमीटरचे भाडे आणि एका रात्रीचा चालकभत्ता. मात्र प्रतिदिन किमान किती किलोमीटरचे भाडे लागेल, मोटार तिसऱ्या दिवशी परतल्यास त्या दिवसाचे किमान अंतर लावले जाईल का, टोल, वाहनतळ आणि चालकभत्ता भाड्यात धरला आहे की वेगळा, या गोष्टी निघण्यापूर्वी लेखी ठरवून घ्याव्यात. व्यापारी घरात हे सांगावे लागू नये. तरीही सहलीच्या उत्साहात नेमके हेच विसरले जाते.

चालकाच्या रात्रीच्या निवाऱ्याची चौकशीही याच वेळी करावी. अनेकदा चालक मोटारीतच झोपतो आणि दुसऱ्या दिवशी घाटात त्याच्याच हाती सारे कुटुंब असते. धर्मशाळेत विचारल्यास त्याच्या निजण्याची व जेवणाची सोय बहुधा होऊ शकते.

पहिला दिवस : पाली ते सादडी

हिवाळ्यात या भागात सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. सात वाजता जोधपूर सोडल्यास सुमारे ७० किलोमीटरवरील पालीस पोहोचेपर्यंत नवकारशीची वेळ झालेली असते. पालीच्या अलीकडे ओम बन्नांचे स्थान लागते. तेथे काचेच्या मखरात ठेवलेल्या बुलेट मोटारसायकलची पूजा होते आणि या मार्गावरील चालक सुरक्षित प्रवासासाठी तेथे हमखास हात जोडतात. पाली ही एके काळी पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांवरून येणारा माल उत्तरेकडे नेणाऱ्या तांड्यांची मोठी पेठ होती. आज तिची ओळख कापडाच्या रंगाई-छपाईसाठी आहे. महाराणा प्रतापांच्या मातोश्री जयवंताबाई या पालीच्या सोनगरा चौहान घराण्यातील. गावातील नवलखा पार्श्वनाथ मंदिराचे दर्शन घेऊन पुढे निघावे.

पालीनंतर हमरस्ता सोडला की गोडवाडची पंचतीर्थी सुरू होते. वरकाणा, नाडोल, नारलाई, मुछाळा महावीर आणि राणकपूर ही ती पाच तीर्थे. राणीजवळील वरकाणा येथे पार्श्वनाथ विराजमान आहेत. नाडोल ही नाडोलच्या चौहानांची जुनी राजधानी असून तेथे पद्मप्रभूंचे मंदिर आहे. नारलाई हे डोंगराच्या पायथ्याशी वसलेले मंदिरांचे गाव. घरांमधून उठलेली एकच एक प्रचंड शिळा दुरूनच त्याची खूण पटवते. घाणेरावपासून काही किलोमीटर आत, अभयारण्याच्या कडेला मुछाळा महावीरांचे मंदिर आहे. प्रवेशाशी दगडी हत्ती उभे आहेत आणि भोवती वानरांचा वावर असतो. या नावामागे एक दंतकथा सांगतात. केशराच्या वाटीत केस निघालेला पाहून महाराण्यांनी थट्टेने विचारले, ‘तुमच्या देवाला मिशा आहेत काय?’ पुजाऱ्याने होकार दिला, आणि भक्ताचे शब्द खरे करण्यासाठी मूर्तीवर मिशा प्रकटल्या, अशी श्रद्धा आहे.

पाचही तीर्थे एका दिवसात उरकण्याचा अट्टहास नसावा. वडीलधारी मंडळी सोबत असल्यास दोन निवडावीत आणि उरलेला वेळ एका गावासाठी राखून ठेवावा. ज्यांचे मूळ गोडवाडात आहे त्यांच्यासाठी ते गाव ठरलेलेच आहे.

बंद दारांची गावे

गोडवाडच्या गावांत फिरताना एक दृश्य वारंवार दिसते. नक्षीदार झरोक्यांच्या, दगडी ओट्यांच्या मोठमोठ्या हवेल्या. दारावर कुलूप आणि कुलपावर धूळ. घरातील माणसे दोन-तीन पिढ्यांपूर्वी व्यापारासाठी दक्षिणेकडे गेली. लग्नकार्य, प्रतिष्ठा किंवा एखाद्या महाराजसाहेबांचा चातुर्मास असला की कुलुपे निघतात, आठ-पंधरा दिवस गल्ली गजबजते आणि पुन्हा शांत होते. मंदिरात मात्र रोज पूजा होते, पांजरपोळीत गुरे सांभाळली जातात, शाळा आणि दवाखाने चालतात. त्यांचा पैसा बहुतांशी बाहेर गेलेल्या कुटुंबांकडूनच येतो.

घर ठेवायचे की विकायचे, मंदिराच्या जीर्णोद्धाराला किती द्यायचे, पांजरपोळीचा तुटीचा हिशेब कोणी भरायचा, हे निर्णय आज मुंबई-पुण्यातील बैठकींत होतात. तेथे बसणाऱ्यांपैकी बहुतेकांचे बालपण निदान सुट्टीपुरते तरी त्या ओट्यावर गेलेले असते. आणखी वीस वर्षांनी त्या जागी आज मोटारीच्या मागच्या आसनावर बसलेली मुले असतील. त्यांना आडनाव ठाऊक असते, गोत्र ठाऊक असते, गावाचे नाव लग्नपत्रिकेत वाचलेले असते. गाव पाहिलेले नसते. न पाहिलेल्या घराविषयी निर्णय घेताना माणसापाशी जागेच्या भावाखेरीज दुसरे माप उरत नाही. घर विकण्यात गैर काही नाही, अनेक कुटुंबांना ते करावेच लागते. परंतु विकणाऱ्याला ते कोणाचे होते, एवढे तरी माहीत असावे.

म्हणून आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना या प्रवासात पुढच्या आसनावर बसवावे. कोणत्या विहिरीचे पाणी गोड होते, पेढी कोणत्या ओट्यावर भरायची, पणजोबा किती रुपये घेऊन घराबाहेर पडले, हे त्या गल्लीत उभे राहिल्यावर जसे आठवते तसे दिवाणखान्यात आठवत नाही. घराण्याची वंशावळ लिहिणाऱ्या वहीवंचांची किंवा कुलगुरूंची परंपरा काही ठिकाणी अजून टिकून आहे. गावात चौकशी केल्यास आपल्या पाच-सात पिढ्यांची नावे एका वहीत वाचावयास मिळण्याचा योगही येतो.

सादडी हे या टापूतील मोठे गाव. भामाशाहांचे बंधू ताराचंद हे येथे गोडवाडचे अधिकारी होते. त्यांच्याच आश्रयाने जैन यती हेमरतन यांनी १५८८ साली गोरा-बादल आणि पद्मिनीच्या कथेवरील काव्य येथे रचले. तलवार, तिजोरी आणि लेखणी एकाच घराच्या छायेखाली नांदत होत्या, याची साक्ष या गावाने जपली आहे.

राणकपूरची संध्याकाळ आणि सकाळ

सादडीपासून राणकपूर सुमारे नऊ किलोमीटरवर आहे. भोजनशाळेत सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते. डिसेंबरात येथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो; म्हणून चौविहार पाळणाऱ्यांनी साडेचारच्या आत पोहोचावे. पर्यटकांना मंदिर दुपारी बारा ते पाच या वेळात खुले असते, सकाळ पूजेसाठी राखलेली असते. मुक्काम केल्याने दोन्ही वेळा साधतात. पूजेची वस्त्रे सोबत ठेवावीत. चामड्याचे पट्टे, पाकिटे व पर्स मोटारीतच ठेवून जावे.

धरणाशाह हे पोरवाड व्यापारी आणि राणा कुंभांच्या दरबारातील मान्यवर. नलिनीगुल्म विमानाचे स्वप्न पाहून त्यांनी हे चतुर्मुख आदिनाथ मंदिर उभारण्याचा संकल्प केला आणि मुंडारा गावच्या देपा या शिल्पकाराने तो दगडात साकारला, असे परंपरा सांगते. मंदिरातील शिलालेख विक्रम संवत १४९६ चा, म्हणजे इसवी सन १४३९ चा आहे. स्तंभांची संख्या १४४४ सांगतात. एवढ्या दाटीतही मूळनायकांचे दर्शन अडत नाही, हे देपाचे खरे कौशल्य. दुपारी खांबांवरून सरकणारा प्रकाश आणि सकाळी गाभाऱ्याभोवती चाललेली पूजा, ही दोन निराळी मंदिरेच वाटतात.

मुलांना येथे दोन गोष्टी शोधावयास सांगाव्यात. एक, सहस्रफणा पार्श्वनाथांचा शिलापट. त्यातील नागांच्या शेपट्यांची गुंफण बोटाने हवेत गिरवीत राहिले तरी तिचा आरंभ सापडत नाही. दुसरी, सभामंडपातील एका स्तंभावरची धरणाशाहांची हात जोडलेली प्रतिमा. एवढे मोठे मंदिर उभारणाऱ्याने स्वतःसाठी घेतलेली जागा वीतभर आहे, आणि तिचे तोंड प्रेक्षकाकडे नसून भगवंताकडे आहे.

पुढे अशांततेच्या काळात हे मंदिर ओस पडले आणि भोवती रान माजले. सादडीच्या संघाने ते आनंदजी कल्याणजी पेढीकडे सोपवले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पेढीने त्याचा जीर्णोद्धार केला. आज दिसणारी शुभ्रता ही पंधराव्या शतकातील दानाइतकीच त्या नंतरच्या सांभाळाची देणगी आहे.

दुसरा दिवस : घाट, गड आणि हळदीघाट

पूजा आणि नाश्ता आटोपून सायरामार्गे कुंभलगडाकडे निघावे. अंतर सुमारे ५० किलोमीटर असले तरी रस्ता अरुंद, वळणांचा आणि अभयारण्यातून जाणारा आहे. दीड तास धरावा आणि घाट दिवसाउजेडीच ओलांडावा. वाटेत कांदा-लसूणविरहित जेवणाची खात्री नसल्याने खाखरा, थेपले आणि पाणी सोबत असावे.

राणा कुंभांनी पंधराव्या शतकात बांधलेला कुंभलगड सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. त्याची तटबंदी ३६ किलोमीटर लांब असल्याचे सांगतात. २०१३ साली राजस्थानातील अन्य डोंगरी किल्ल्यांसह त्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. पन्ना धायीने पोटच्या मुलाचा बळी देऊन वाचवलेले उदयसिंह याच गडावर लहानाचे मोठे झाले. १५४० साली महाराणा प्रतापांचा जन्मही येथलाच मानला जातो. बादल महालापर्यंतची चढण खडी आहे. ज्येष्ठांनी प्रवेशद्वाराजवळील वेदी मंदिर पाहून तेथेच विसावावे. मंडळींत उत्साह असेल तर तटाच्या आतील बावन देवरी आणि गोलेराव मंदिरसमूह अवश्य पाहावेत. गडावर जैन मंदिरे शेकड्यांनी होती. त्यांतील बरीच आज मूर्तीविना उभी आहेत.

दुपारी हळदीघाटाचा रस्ता धरावा. पिवळ्या मातीमुळे हे नाव पडले. १८ जून १५७६ च्या युद्धानंतर महाराणा प्रताप डोंगरांत हलाखीत दिवस काढीत असता भामाशाहांनी आपली संपत्ती त्यांच्या चरणी ठेवली. पंचवीस हजार सैनिकांचा बारा वर्षांचा खर्च चालेल एवढे ते धन होते, असे परंपरा सांगते. आजही राजस्थानात दानशूर माणसाला ‘भामाशाह’ म्हणतात. येथील चैती गुलाबाचे गुलाबपाणी प्रसिद्ध आहे.

येथून उदयपूर तासाभराच्या अंतरावर आहे. दुपारी तीन-साडेतीनला निघाल्यास सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला निवासस्थानी पोहोचता येते. नौकाविहार दुसऱ्या दिवशी सकाळी करावा. त्या वेळी गर्दीही कमी असते. त्या रात्री झोपण्यापूर्वी मात्र एक काम उरते. गावात आजोबांनी सांगितलेली नावे, विहीर, ओटा, वहीवंचाचा पत्ता, हे सारे मुलांच्या हातून एका वहीत लिहवून घ्यावे. पुढे कधी घराच्या किंवा मंदिराच्या प्रश्नावर बैठक बसेल, तेव्हा ती वही उपयोगी पडेल.